छत पुसायचा दांडा

सासूबाईंनी दांडा खाली घेतला, टोकाच्या फडक्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे ओलं आहे."

मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. डबा भरता भरता म्हटलं, "काल धुतलं असेल, वाळलं नसेल."

"भिंतीच्या कागदावर ओलं फिरवायचं नाही म्हणून कोरडंच घेते मी. तू हात लाव बघू."

हात लावला. फडकं गार लागलं आणि मधोमध मातकट डाग होता. आम्ही दोघींनी वर पाहिलं. छत पांढरंशुभ्र दिसत होतं. त्याच छताखाली सतरंजीवर माझी मुलगी पोटावर पडून प्लास्टिकचा चमचा चावत होती. तिला नुकतं रांगता यायला लागलं होतं. सासूबाईंनी तिला उचललं आणि आतल्या खोलीत नेलं.

पावसाळा संपत आला होता. नवऱ्याला कंपनीने अमेरिकेला पाठवलं होतं, क्लायंटच्या ऑफिसात बसून काम करायला. मी बाळंतपणाची रजा संपवून हिंजवडीला परत जायला लागले होते. सकाळी कोथरूडच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, ती संध्याकाळी अंधार पडता पडता तिथेच सोडायची. मधल्या वेळात घरात सासूबाई आणि बाळ, दोघीच.

तो दांडा नवऱ्यानेच आणलेला. आधीच्या खेपेला तिकडे कोणाच्या तरी घरी त्याने भिंतीला लावलेला कागद पाहिला आणि आपल्याही हॉलला तसाच लावायचा म्हणून हट्ट धरला. आमच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला हॉलबाहेर एक टेरेस होती. बहुतेकांनी ती आत घेऊन हॉल मोठा केला होता, तसा आम्हीही केला. त्या वाढवलेल्या भागातल्या भिंतीला फिकट पिवळा कागद लागला, वर बारीक पानांची वेल. दिसायचा छान. पण पुण्याची धूळ त्याला माहीत नव्हती. झाडूने झाडला की चरे पडायचे, ओल्या फडक्याने पुसला की फुगायचा. मग पुढच्या खेपेला नवरा बॅगेत तिरपा घालून हा दांडा घेऊन आला. अॅल्युमिनियमच्या नळ्या एकात एक सरकणाऱ्या, फिरवून घट्ट केल्या की छताला सहज पोचणाऱ्या. टोकाला चपलेएवढी सपाट फळी, ती हवी तशी वळायची, आणि तिच्यावर मऊ, लवदार फडकं.

"अमेरिकेतून झाडू आणलास?" सासूबाई म्हणाल्या. "तिकडं सोनं मिळत नाही का?"

पण त्याने तो कागदासाठी आणला नव्हता, खरं तर. सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तिथल्या क्वार्टरमध्ये असताना सासूबाई स्टुलावर चढून जळमटं काढत होत्या आणि खाली पडल्या. उजवं मनगट मोडलं, ते पुढे कधी पूर्ण वळलं नाही. नवरा तेव्हा शाळेत होता. त्याने आईला जमिनीवर पडलेलं पाहिलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात स्टूल नव्हतं. सासूबाईंना मात्र कोपऱ्यातलं जाळं दिसलं की चैन पडायची नाही. दांडा आला आणि त्यांचं ते दुखणं गेलं. रोज सकाळी चहा झाला की त्या छत आणि भिंत वरून खाली अशी पुसून काढायच्या. त्यामुळेच डोळ्यांना दिसायच्या आधी ती ओल त्या फडक्याला कळली.

आमच्या डोक्यावर शेवटच्या मजल्यावरच्या काकांची टेरेस होती. त्यांनी ती आत घेतली नव्हती. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पेठेतलं घर सोडून इथे आलेले. मुलगा परदेशात, घरात काका आणि काकू. आम्ही राहायला आलो त्या दिवशी जिन्यात त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "कुठले तुम्ही?"

"खडकीचे."

"ते झालं हो. त्याआधी?"

नवऱ्याने हसून सांगितलं, "आम्ही बौद्ध, काका."

"अच्छा," म्हणून काका वर निघून गेले. त्यानंतर आमचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे, "स्कूटर रेषेच्या आत लावत जा," इतकंच. काकू तर दिसायच्याच नाहीत. सुरुवातीला पूजेला, हळदीकुंकवाला त्या सगळ्यांकडे जात, असं समोरच्या बाई सांगायच्या. आमच्याकडे कधी आल्या नाहीत. मी त्याचा अर्थ मला लावायचा तसा लावून ठेवला होता.

त्या संध्याकाळी मी वर गेले. काकांनी दार साखळी लावूनच उघडलं.

"काका, आमच्या छताला ओल येतेय. तुमच्या टेरेसखालीच. एकदा बघता का?"

"पाऊस आहे. पावसाळ्यात पाणी वरून खाली येतं. तशी पद्धत आहे."

आणि दार बंद.

पाऊस थांबला. दिवाळीची साफसफाई आली तेव्हा छतावर ताटाएवढा पिवळट डाग पडला होता आणि कागद वरच्या कडेला सुटायला लागला होता. सासूबाई दांडा घेऊन उभ्या होत्या. फळीने त्यांनी छतावर इकडे तिकडे हलकेच टकटक केलं. भिंतीपाशी टणक आवाज आला. डागापाशी आला तो बद्द.

"ऐकलंस?"

"काय?"

"हे छताला धरून नाहीये. सुटलंय." त्यांनी पुन्हा वाजवलं. आता मलाही ऐकू आलं, आणि एकदा ऐकल्यावर ते ऐकू न येणं शक्य नव्हतं. क्वार्टरमध्ये त्यांच्या शेजारच्या घरात असंच प्लास्टर पलंगावर कोसळलं होतं. माणूस नुकताच उठून आंघोळीला गेला म्हणून वाचला. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तू घाबरू नको. तुला माहीत असावं म्हणून सांगते."

मी घाबरलेच. पुन्हा वर गेले.

"काका, आता पाऊस नाही."

"मग माझ्याकडेही पाणी नाही. महापालिका मला वेगळी लाइन देत नाही."

"टेरेस एकदा बघू देता का? मी मिस्त्रींना घेऊन येते."

"टेरेस ठणठणीत कोरडी आहे."

तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "कोण आलंय हो? आत बोलवा ना त्यांना."

काकांनी मान वळवली. "कोणी नाही," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

मी त्या बंद दारासमोर उभी राहिले. कोणी नाही. जिना उतरताना माझे कान तापले होते.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा दोन सभासदांच्या मधला प्रश्न आहे. आपण वरच्या सभासदाला लेखी कळवा, आम्ही खालच्या सभासदाला पोच देऊ." खालची सभासद मीच होते. रविवारी नवऱ्याचा फोन यायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, स्लॅब अशी पडत नाही. मी आलो की बघतो." तो फेब्रुवारीत येणार होता. मिस्त्री आला, वर बघून म्हणाला, "आतली सळई गंजली असणार. वरचं पाणी थांबल्याशिवाय मी हात लावणार नाही. लावला तर पुढच्या महिन्यात पुन्हा हेच." त्याला घेऊन वर गेले, तर काकांनी दारच उघडलं नाही. आत पावलं वाजत होती. आणि दुसरा एक आवाज, जो मी तेव्हा नीट ऐकला नाही. पाणी पडल्याचा.

सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीने बंदोबस्त केला. सोफा भिंतीकडून ओढून मधे आडवा लावला. त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या. पलीकडे बाळाने जायचं नाही. बाळाला अर्थातच तिकडेच जायचं असायचं. खुर्चीच्या पायांमधून ती डोकं घालायची आणि सासूबाई तिचा पाय धरून तिला मागे ओढायच्या, दिवसभर. रोज सकाळी मी निघण्याआधी त्या दांड्याच्या टोकाला रबरबँडने निळ्या खडूचा तुकडा बांधायच्या, छत वाजवत जायच्या, आणि जिथे आवाज बदलतो तिथे खुणा करायच्या. मग खुणा जोडायच्या. पहिल्या आठवड्यात ते वर्तुळ डागाच्या जरा बाहेर होतं. पुढे त्याच्या बाहेर दुसरी रेघ आली, मग तिसरी. ऑफिसात टेस्टिंगचं काम करताना स्क्रीनवर मला त्या निळ्या रेघा दिसायच्या.

"आपण खडकीला जाऊ या का वन्संकडे?" मी एकदा विचारलं.

"घर आपलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी पाणी सांडायचं आणि आपण गाव सोडायचं?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन करायचे. सासूबाई उचलायच्या, "हॅलो, दोघी ठीक आहोत," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. एका दुपारी फोन कोणी उचलला नाही. परत लावला. वाजत राहिला. समोरच्या बाईंना लावला, त्या घरी नव्हत्या. शेजारच्या टेबलावरचा मुलगा मला काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. त्या वेळी हिंजवडीहून रिक्षा मिळणं म्हणजे नशीब. हायवेपर्यंत चालत, अर्धवट पळत गेले. रिक्षात बसल्यावर मला एवढंच सुचत होतं की बाळ खुर्चीच्या पायांतून गेलं असेल आणि सासूबाई तिच्यामागे गेल्या असतील.

सोसायटीच्या फाटकातून आत शिरले तर पार्किंगमधल्या बाकावर सासूबाई बसलेल्या. मांडीवर बाळ, बाळाच्या हातात बिस्कीट.

"वाटीएवढा तुकडा पडला," त्या म्हणाल्या. "हिला घेऊन खाली आले. फोन वर वाजत असेल, पण म्हटलं आता वर जायचं नाही."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हात मात्र बाळाच्या पोटावर असा आवळलेला की मला तो सोडवून घ्यावा लागला.

मी बाळाला परत त्यांच्याकडे दिलं आणि जिना चढून सरळ शेवटच्या मजल्यावर गेले. बेल दाबून धरली. साखळीमागे काका दिसले.

"माझी मुलगी त्या छताखाली रांगते," मी म्हटलं. माझा आवाज सगळ्या जिन्यात घुमत होता. "आमच्याकडे यायला तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर वाटू दे. आमच्या घरचं पाणी पिऊ नका. पण तुमचं पाणी आमच्या डोक्यावर सोडू नका!"

काकांचा चेहरा पडला. मग नेहमीचा स्वर परत आला. "आवाज कमी करा. इथे लोक राहतात."

"उद्या मी महापालिकेत जाते. पोलिसांत जाते."

"जा."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. जायची तयारी करत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायजमा, चष्मा. आम्ही राहायला आल्यापासून पहिल्यांदाच ते आमच्या दारात उभे होते.

"दाखवा तुमचं ते छत. इतका गवगवा झालाय, बघायलाच हवं."

सासूबाई हातात दांडा घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी सोफा जरा सरकवला. काका आत आले. समोरच्या बुद्धाच्या मूर्तीकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग वर. छतावर पडलेल्या तुकड्याची खळगी होती, आजूबाजूला डाग, आणि डागाभोवती त्या निळ्या रेघा, एकीबाहेर एक.

"हे काय? नकाशा?"

"जिथवर पोकळ वाजतंय तिथवरची खूण आहे," सासूबाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही रेघेच्या बाहेरून बघा. तिथं उभं राहू नका."

"पोकळ! प्लास्टर आहे, भोपळा नाही. द्या इकडे."

त्यांनी दांडा घेतला. मी बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते. आज आठवलं की वाटतं मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण सगळं इतकं साधं चाललं होतं. एक म्हातारा गृहस्थ, इस्त्रीच्या शर्टात, छत पुसायचा दांडा धरून उभा. त्यांनी दांडा उलटा केला आणि फळीऐवजी धातूचं टोक वर नेलं.

"जोरात नको," सासूबाई म्हणाल्या.

टक. काही झालं नाही.

"बघा. पडलं का काही?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं. "लोकांना भीतीच हवी असते." आणि अजून दोन पावलं आत जाऊन त्यांनी दुसऱ्यांदा टोक मारलं, आता जोर लावून.

आधी थोडी वाळू पडली. ती त्यांच्या चष्म्यावर पडली आणि त्यांनी दुसऱ्या हाताने चष्मा काढला. मग छतावर, शेवटच्या निळ्या रेघेला लागूनच, केसाएवढी भेग सरसर पळत गेली. मी ती पाहिली. सासूबाईंनीही पाहिली असणार, कारण त्या तेव्हाच निघाल्या होत्या. त्यांनी काकांचा शर्ट पाठीकडून मुठीत धरला, त्या न वळणाऱ्या हाताने, आणि सगळं अंग मागे टाकलं.

आवाज फार मोठा नव्हता. पोतं टाकावं तसा. मग धूळ. बाळ आधी गप्प राहिलं आणि मग किंचाळून रडायला लागलं.

धुळीतून काका दिसले, जमिनीवर बसलेले, पांढरे झालेले. त्यांच्या पायांपाशी छताचा तो सगळा तुकडा फुटून पडला होता. सासूबाई सोफ्याला टेकून पडल्या होत्या. डाव्या खांद्यावर काहीतरी लागून गेलं होतं. तो खांदा खाली झुकला होता आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आई!"

"बाळाला पुढं आणू नको," त्या म्हणाल्या. "वर अजून लोंबतंय."

मी वर पाहिलं. गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं. ठिबकत नव्हतं, ओघळत होतं. काकाही वर बघत होते. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "नळ."

मग ते उठले आणि दाराकडे धावत सुटले. त्या वयात, त्या धुळीत, धडपडत.

मला वाटलं, पळाले. मी त्यांच्या नावाने काहीतरी ओरडले, काय ते आता आठवत नाही. बाळाला आतल्या पलंगावर उशा लावून ठेवलं, दार ओढलं आणि सासूबाईंना हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. त्यांना हात हलवता येत नव्हता. ओढणीने तो गळ्यात बांधला. वरून येणारं पाणी हळूहळू थांबलं.

थोड्याच वेळात काका परत दारात आले. सोबत काकू होत्या. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. गोऱ्या, ठेंगण्या, केस सुटलेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मातीने माखलेला तांब्या. काकांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"रिक्षा थांबवायला सांगितलंय," काका म्हणाले. "चला. हिला बरोबर घ्यावं लागेल. ही एकटी राहू शकत नाही."

आम्ही सगळे एका रिक्षात बसलो. मधे सासूबाई, एका बाजूला मी बाळाला घेऊन, दुसऱ्या बाजूला काकू. काका ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धे बाहेर. काकूंनी सासूबाईंचा चांगला हात आपल्या ओल्या हातात घेतला आणि विचारलं, "काय झालं हो हिला?" आम्ही सांगितलं. पुढच्या सिग्नलला त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच काळजीने. "काय झालं हो हिला?" सासूबाईंनी डोळे मिटून, दात आवळून, पुन्हा सांगितलं, "पडलं अंगावर, बाई. होईल बरं."

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर नको, पट्टा बांधून ठेवायचा, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंचा पट्टा बांधून होईपर्यंत मी आणि काका बाहेर बाकावर बसलो. काकू समोरच्या खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत होत्या. काकांच्या केसांत अजून सिमेंट होतं.

"शाळेत शिकवायची ती," त्यांनी मी न विचारताच सुरुवात केली. "आता दिवसातून कितीदा तरी झाडांना पाणी घालते. घातलं हे विसरते, म्हणून परत घालते. नळ सोडते आणि नळही विसरते. कुंड्यांची माती वाहून टेरेसचं पाणी जायचं भोक बुजलंय. मी काढतो, ते परत बुजतं. मी टेरेसला कुलूप लावून बघितलं. तर दाराशी बसून रडायला लागली. माझी झाडं मरतील म्हणाली."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"कोणाला? सोसायटीला कळलं की मुलाला कळणार. तो म्हणणार तिला कुठेतरी ठेवा, तुम्हाला जमत नाही. कुठेतरी म्हणजे कुठे हो?" ते थांबले. "माणसं घरात घेणंच बंद केलं मी. बेल वाजली तर ती दार उघडून कोणालाही काहीही विचारते. लोक हसतात."

मला त्या दिवशीचं 'कोणी नाही' आठवलं. ते मला म्हटलेलं नव्हतं, की होतं, हे मी त्यांना विचारू शकले असते. पण माझा राग अजून गेला नव्हता. उलट तो कुठे ठेवावा हे कळेनासं झाल्याने जास्तच झाला होता.

"माझी मुलगी त्याखाली असू शकली असती," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं, काका."

त्यांनी हातातल्या फुटक्या चष्म्याकडे पाहिलं. काही युक्तिवाद करतील असं मला वाटलं होतं. त्यांना तो चांगला जमायचा.

"हो," ते म्हणाले. "माहीत होतं."



टेरेसची फरशी उखडून दुरुस्ती करायला काकांनीच दुसऱ्या दिवशी मिस्त्री लावला. कामाच्या धुळीत आणि हातोड्यांच्या आवाजात काकूंना वर ठेवणं शक्य नव्हतं. सकाळी काका त्यांना घेऊन आमच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी ऑफिसला निघत होते. त्यांनी काही विचारायच्या आतच सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यांना सोडून जा इथं. मला तरी हात बांधून कुठं जायचंय?"

मला ते आवडलं नाही. बसमध्ये बसून मी सगळा रस्ता चिडत होते. इतकं करून वर पुन्हा आपणच का? संध्याकाळी घरी येऊन तसं बोललेही. सासूबाई पट्ट्यातला खांदा सावरत म्हणाल्या, "तो माणूस खोटं बोलला, वाईट वागला, मान्य. मी काही त्याला देव म्हणत नाही. पण तिनं काय केलंय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि शर्ट ओढला तेव्हा कुठं मी विचार केला होता? तसंच समज."

हॉलची दुरुस्ती होईपर्यंत दोघी आतल्या खोलीत असायच्या. काकू बाळाशी तासन्‌तास खेळायच्या. बाळाचं नाव त्यांना रोज नव्याने सांगावं लागायचं आणि रोज त्यांना ते आवडायचं. काका सकाळी सोडायला आणि संध्याकाळी न्यायला यायचे. बरेच दिवस दारातच उभे राहिले. एका संध्याकाळी मी लवकर आले तर ते आत खुर्चीवर बसलेले होते आणि त्यांच्या समोर चहाचा रिकामा कप होता. आधी ते आमच्याकडे का येत नव्हते, काकूंमुळे की आमच्यामुळे, की दोन्हीमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. सासूबाईंना मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मी नाही विचारलं. साखर किती घालू, एवढंच विचारलं."

फेब्रुवारीत नवरा आला. आईचा खांदा, नवं छत आणि कागद काढून साधा रंग दिलेली भिंत बघून आईशेजारी जाऊन बसला. फोनवर आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवत होतं, मी बोलून दाखवायची गरज पडली नाही. काकांनी मुलाला शेवटी सगळं कळवलं. मुलगा येऊन गेला. जिन्यात बराच वाद ऐकू आला. काकू मात्र कुठे गेल्या नाहीत. ठरलं ते असं की काका बँकेत, बाजारात, डॉक्टरकडे गेले की काकू खाली आमच्याकडे किंवा सासूबाई वर. टेरेसच्या नळाची वरची चावी काढून काकांनी खिशात ठेवायला सुरुवात केली होती आणि सासूबाईंकडे तिच्यासारखीच दुसरी दिली होती. पाणी बादलीत मोजकं भरून ठेवायचं.

त्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आहे. कंपनीच्या बसमधून उतरून मी फाटकातून येत होते आणि सहज वर पाहिलं. शेवटच्या मजल्याच्या टेरेसवर काकू तांब्याने कुंड्यांना पाणी घालत होत्या. सगळ्या कुंड्या झाल्या की पहिल्यापासून पुन्हा. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर माझी मुलगी. बादली संपली असावी, कारण काकू रिकामा तांब्या घेऊन त्यांच्याकडे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. सासूबाई उठल्या, मुलीला कडेवर घेतलं, आणि तिघी मिळून हातानेच एकेका झाडाची पानं पुसायला लागल्या.